शेक हवाच, पण डोळसपणे!

(निधी-संकलन मेळाव्यात मंडळाच्या आरोग्य समितीतर्फे झालेल्या भाषणाचा मजकूर. ज्यांना मागच्या रांगेत नीट ऐकू आले नाही आणि जे त्या वेळी बटाटेवड्याच्या रांगेत उभे होते, त्या सर्वांसाठी!)



 गाण्याचा कार्यक्रम आणि जेवण यांच्या मधोमध आरोग्यावरचे भाषण ठेवण्याची कल्पना कोणाची, हे आम्ही सांगणार नाही. पण पोटात कावळे ओरडत असताना श्रोते फार प्रश्न विचारत नाहीत, हा त्यामागचा हिशोब असावा!

आजचा विषय आहे कमरेला, गुडघ्याला किंवा पोटाला बांधायचा ‘इन्फ्रारेड’ पट्टा. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी तो पाहिला आहे, काहींनी विकत घेतला आहे, आणि निदान तीन-चार जणांच्या कमरेला तो या क्षणीही असावा. थंडी सुरू झाली की आपल्या मंडळींच्या गप्पा हवा, मुलांच्या शाळा आणि घरांच्या किमती यांवरून हमखास पाठदुखीवर घसरतात. मग कोणीतरी म्हणते, “अहो, तुम्ही तो पट्टा वापरून बघा ना. आमच्या ह्यांना एका आठवड्यात फरक पडला.”

हा विषय आज घ्यायचे कारण मात्र गप्पांपुरते नाही. आजच्या मेळाव्यातून जमणारा निधी आपण पुणे जिल्ह्यातल्या एका वृद्धाश्रमाला देणार आहोत, हे आपण जाणताच. या निधीचे काय करायचे याची चर्चा चालू असताना आपल्याकडे दोन सूचना आल्या. एका देणगीदारांनी, अगदी मनापासून, सुचवले की आश्रमातल्या प्रत्येक आजी-आजोबांना एकेक इन्फ्रारेड पट्टा घेऊन पाठवू या. दुसरी सूचना एका विक्रेत्याची होती. मेळाव्यात आपल्याला स्टॉल द्यावा, विकल्या गेलेल्या प्रत्येक पट्ट्यामागे काही रक्कम आपण आश्रमासाठी देऊ, असे त्यांचे म्हणणे. ऐकायला दोन्ही गोष्टी चांगल्या. कार्यकारिणीने प्रकरण आमच्याकडे सोपवले आणि ‘अभ्यास करून सांगा’ म्हटले. आमच्या समितीत दोन डॉक्टर, एक फिजिओथेरपिस्ट, एक फार्मासिस्ट आणि एक इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहेत, त्यामुळे वाद भरपूर झाले! त्या अभ्यासाचे सार आज आपल्यापुढे ठेवतो.

शेक आपल्याला नवा नाही

पहिली गोष्ट, शेक ही काही जपानहून किंवा कोरियाहून आलेली नवलाई नाही. फडक्यात गुंडाळलेली तापवलेली वीट, तव्यावर गरम केलेल्या मिठाची किंवा वाळूची पुरचुंडी, लहान बाळाच्या पोटाला हाताने दिलेला शेक, गुडघ्यावर बांधलेली निर्गुडीची किंवा एरंडाची गरम पाने, बाळंतिणीच्या बाजेखालची शेगडी... हे सगळे आपण आपल्या घरात पाहिलेले आहे. अंगावर बाळगायच्या उष्णतेचेच म्हणाल, तर काश्मीरमधली माणसे फेरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी घेऊन वावरतात. तोही एक ‘वेअरेबल हीट’चाच प्रकार, फक्त त्याला बॅटरी लागत नाही.

चरकसंहितेत सूत्रस्थानाचा चौदावा अध्याय खास स्वेदनावर, म्हणजे शेक देऊन घाम काढण्यावर आहे. त्यात अग्नीच्या साहाय्याने द्यायच्या स्वेदनाचे १३ प्रकार सांगितले आहेत. आम्हाला त्याहून महत्त्वाची वाटली ती त्याच अध्यायातली दुसरी यादी: शेक कोणाला देऊ नये? त्यात गर्भवती आहे आणि मधुमेहीसुद्धा आहे. डोळे आणि हृदय यांच्या जागी शेक द्यायचाच झाला तर सौम्य द्यावा, नाहीतर देऊच नये, असेही बजावले आहे. पट्टे विकणारी मंडळी ‘आपल्या प्राचीन शास्त्रातही आहे’ म्हणतात तेव्हा ही यादी सोयीस्कर विसरतात. आम्ही ती विसरलो नाही, म्हणून पुढे पुन्हा तिच्याकडे येऊ.

‘इन्फ्रारेड’ म्हणजे नेमके काय?

आता शब्दाकडे वळू. इन्फ्रारेड म्हणजे अवरक्त किरण, तांबड्या रंगाच्या पलीकडचे, डोळ्यांना न दिसणारे. यांचा शोध आपल्यापैकी कित्येकांच्या घराजवळच लागला आहे! विल्यम हर्शेल हा मूळचा जर्मनीतल्या हॅनोव्हरचा वादक. इंग्लंडमध्ये येऊन तो खगोलशास्त्रज्ञ झाला आणि १७८१ मध्ये बाथ इथल्या आपल्या घरून त्याने युरेनस ग्रह शोधला. पुढे तो स्लाउला राहायला आला. १८०० साली त्याने लोलकातून सूर्यप्रकाश पाडून प्रत्येक रंगात थर्मामीटर ठेवून पाहिला. तांबड्या रंगाच्या बाहेर, जिथे काहीच दिसत नव्हते, तिथे पारा सगळ्यात जास्त चढला. स्लाउच्या हर्शेल पार्कमध्ये मुलांना झोके द्यायला जाणाऱ्या सभासदांनी हे लक्षात ठेवावे. परदेशातून आलेला माणूस इथे येऊन काय करू शकतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

पण मंडळी, खरी गंमत पुढे आहे. अवरक्त किरण हे काही पट्ट्यातल्या हिरव्या दगडांतून निघणारे दुर्मिळ द्रव्य नव्हे. प्रत्येक गरम वस्तू ते बाहेर टाकत असते. तापलेला तवा, चहाचा कप, रेडिएटर, एवढेच काय, आपण स्वतः! आपल्या शरीरातून निघणाऱ्या अवरक्त किरणांची तरंगलांबी साधारण ९ ते १० मायक्रॉनच्या आसपास सर्वाधिक असते. ५० अंश सेल्सियसला तापलेल्या पट्ट्याची सुमारे ९ मायक्रॉन. आणि ५० अंशाला तापलेल्या विटेची? तीही तेवढीच. किरणांना दगड जेडचा आहे की टूर्मलिनचा, की आजीच्या परसातली साधी वीट, याने फारसा फरक पडत नाही. ते पाहतात तापमान.

जाहिरातीत असे म्हणतात की हे किरण शरीरात खोलवर, पार हाडापर्यंत पोहोचतात. पट्ट्यांमधून निघणारे हे लांब तरंगांचे किरण, ज्यांना ‘फार इन्फ्रारेड’ म्हणतात, ते त्वचेच्या अगदी वरच्या थरात, एका मिलिमीटरच्याही आत शोषले जातात. कारण आपल्या त्वचेत पाणी भरपूर आणि पाणी हे किरण लगेच गिळते. त्यानंतर आत जाते ती साधी ऊब, रक्तातून आणि मांसातून हळूहळू. तांबड्या रंगाच्या जवळचे ‘निअर इन्फ्रारेड’ किरण त्याहून थोडे खोल, काही मिलिमीटरपर्यंत जातात. पण ती उपकरणे वेगळी असतात.

आमच्या इंजिनिअर सभासदांनी एक हिशोब मांडला, तो ऐकण्यासारखा आहे. यूएसबीवर चालणारा पट्टा साधारण १० वॉटचा असतो. स्वस्थ बसलेले माणसाचे शरीर स्वतःच ८० ते १०० वॉट उष्णता निर्माण करत असते. दोन लिटर पाण्याची रबरी पिशवी ६० अंशांवरून ४० अंशांवर निवते तेव्हा जेवढी उष्णता बाहेर पडते, तेवढी द्यायला १० वॉटच्या पट्ट्याला साडेचार तासांहून थोडा जास्त वेळ लागेल. मग पट्ट्याचा फायदा काय? फायदा आहेच. तो अंगाला चिकटून बसतो, चालता-फिरता वापरता येतो, तापमान कायम राखतो आणि पाणी सांडत नाही. सोय म्हणून त्याची किंमत जरूर द्यावी. चमत्कार म्हणून देऊ नये, एवढेच आमचे म्हणणे.

मग उपयोग होतो की नाही?

होतो! उगाच सगळे झूठ आहे असे म्हणण्याचा आमचा अजिबात विचार नाही.

उष्णतेने त्या जागच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आखडलेले स्नायू सैल पडतात. शिवाय दुखण्याचा निरोप मेंदूकडे जाताना वाटेत उबेची जाणीव आडवी येते. मेल्झॅक आणि वॉल या दोघांनी १९६५ मध्ये मांडलेला ‘गेट कंट्रोल’ सिद्धांत तो हाच. दुखरी जागा आपण नकळत चोळतो त्यामागेही हेच तत्त्व आहे. १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने चेतातंतूंवरचा असा एक ग्राहक ओळखला की जो ४३ अंशांच्या वरच्या उष्णतेनेही चेतवला जातो आणि मिरचीतल्या तिखटानेही. ठेचा खाल्ल्यावर आपण ‘तोंड भाजले’ म्हणतो ते उगीच नाही! या कामासाठी त्यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आर्डेम पटापुटियन यांच्याबरोबर विभागून.

आता प्रत्यक्ष रुग्णांवरचे अभ्यास. २००६ मध्ये ‘कॉक्रेन’ या संस्थेने पाठदुखीवर शेक आणि थंडावा यांच्या ९ चाचण्यांचा, एकूण १,११७ रुग्णांचा आढावा घेतला. निष्कर्ष असा: नव्याने सुरू झालेल्या पाठदुखीत उबदार पट्ट्याने थोड्या दिवसांपुरता, थोडासा, पण खरा आराम पडतो; आणि शेकाला व्यायामाची जोड दिली तर फायदा वाढतो. २००२ च्या एका अमेरिकन अभ्यासात ३७१ जण होते. ४० अंशांचा पट्टा दिवसाला आठ तास बांधणाऱ्यांना पहिल्या दिवशी पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन घेणाऱ्यांपेक्षा जास्त आराम वाटला. त्या अभ्यासाला पट्टा बनवणाऱ्या कंपनीचे पाठबळ होते, हेही सांगायला हवे. पाळीच्या वेळच्या पोटदुखीवर २००१ मध्ये झालेल्या एका अभ्यासात पोटावरचा ३९ अंशांचा उबदार पॅच आयबुप्रोफेनच्या तोडीचा ठरला. आपल्या लेकी-सुनांना ही माहिती जरूर द्या. यात लाजण्यासारखे काही नाही.

पण एक मेख आहे. या अभ्यासांतले पट्टे आणि पॅच ‘इन्फ्रारेड’ म्हणून विकले जाणारे नव्हते. लोखंडाचा कीस हवेशी संयोग पावून गरम होतो, तसल्या साध्या उबेचे ते होते. म्हणजे श्रेय जाते ते उबेला. खास इन्फ्रारेड पट्ट्याचाही एक अभ्यास २००६ मध्ये कॅनडात झाला. जुनाट पाठदुखीचे ४० रुग्ण. खऱ्या पट्ट्याच्या गटात वेदना दहापैकी ६.९ वरून ३ वर आल्या, खोट्या पट्ट्याच्या गटात ७.४ वरून ६ वर. निकाल चांगला आहे, नाकारायचा नाही. पण तो पट्टा निअर इन्फ्रारेडचा होता आणि रुग्ण फक्त ४०. एवढ्यावर सगळ्या बाजारातल्या पट्ट्यांची हमी कशी देणार?

जुनाट पाठदुखीबद्दल मोठ्या संस्था काय म्हणतात? इथल्या ‘नाइस’ने २०१६ च्या मार्गदर्शनात व्यायामाला पुढे ठेवले आहे आणि कमरेला आधार देणारे पट्टे, कॉर्सेट देऊ नयेत असे म्हटले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट पाठदुखीवर पहिल्यांदाच मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्यातही हाच सूर आहे. व्यायाम, समजूत, हालचाल हे हवे, कमरपट्टे नकोत. कारण आवळून बांधलेल्या पट्ट्याची सवय लागली की माणूस हालचाल टाळू लागतो. त्याच संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२० मध्ये जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. तेव्हा मंडळी, आपण एकटे नाही आणि तीस दिवसांत ‘मुळापासून’ बरे करणारा पट्टा असता तर हा आकडा एवढा नसता.

आणि बाकीचे दावे? पोटाचा घेर कमी होतो, विषद्रव्ये बाहेर पडतात, मधुमेह जातो, किडनी सुधारते... आखूडशिंगी, बहुदुधी गाय आपण ऐकली होती; हा तर त्याहून गुणी निघाला! पट्टा बांधून घाम येतो आणि काट्यावर अर्धा किलो कमी दिसतो. तो अर्धा किलो म्हणजे अर्धा लिटर पाणी. ताक प्यायलात की परत. भारतात १९५४ च्या कायद्याने मधुमेहासारखे आजार बरे करण्याची जाहिरात करायला बंदी आहे. इथे कॅन्सर बरा करतो असे जाहीर करायला १९३९ पासून मनाई आहे. म्हणून असे दावे छापलेले क्वचित सापडतात. ते कानात सांगितले जातात, बहुतेक वेळा आपल्याच ओळखीच्या माणसाकडून.

धोका कुठे आहे?

आता जरा गंभीर होऊ.

भाजणे हे फक्त निखाऱ्याने होते असे नाही. १९४७ सालच्या मॉरिट्झ आणि हेन्रिक्स यांच्या प्रयोगांपासून हे माहीत आहे की ४४ अंशांची, म्हणजे अंघोळीच्या कढत पाण्याइतकी उष्णताही एकाच जागी सुमारे सहा तास राहिली तर त्वचा भाजते. त्याच्या वर एकेक अंश चढला की तो वेळ जवळजवळ निम्मा होत जातो. ६० अंशांना काही सेकंद पुरतात. आपल्याला असे भाजत नाही कारण चटका बसायच्या आधीच आपण कूस बदलतो किंवा पिशवी बाजूला करतो. पण ज्यांना चटका जाणवतच नाही त्यांचे काय?

मधुमेह जुना झाला की पायांच्या, पोटऱ्यांच्या संवेदना बोथट होतात. आपल्या समाजात मधुमेह किती घरांत आहे हे आम्ही सांगायला नको. जेवणाच्या रांगेत ‘मला गोड नको’ म्हणणारे मोजा! आणि बोथट संवेदनेच्या माणसालाच पाय गार पडल्यासारखे वाटतात, म्हणून तोच पट्टा जास्तीत जास्त गरम करून बांधतो. सकाळी फोड दिसतो, तो बरा व्हायला महिने लागतात. अमेरिकेच्या मेडिकेअर योजनेने २००६ मध्येच ठरवले की मधुमेही न्यूरोपथीसाठी इन्फ्रारेड उपचारांचे पैसे द्यायचे नाहीत, कारण उपयोगाचा पुरेसा पुरावा नाही.

शिवाय रोज तीच जागा शेकत राहिले तर त्वचेवर जाळीसारखे तपकिरी डाग उमटतात. पूर्वी इथल्या म्हाताऱ्या बायकांच्या नडग्यांवर कोळशाच्या शेकोटीपुढे बसून असे डाग पडत, त्याला गमतीने ‘ग्रॅनीज टार्टन’ म्हणत. काश्मीरमध्ये वर्षानुवर्षे कांगडी बाळगणाऱ्यांच्या पोटावर, मांड्यांवर त्वचेचा कॅन्सर आढळतो हे तर एकोणिसाव्या शतकापासून नोंदलेले आहे. घाबरायचे नाही, पण डाग दिसला की शेक थांबवायचा.

फार्मासिस्ट ताईंनी दोन गोष्टी आवर्जून सांगायला सांगितल्या आहेत. एक, वेदनेसाठी फेंटानिलसारख्या औषधाचा पॅच अंगावर असेल तर त्यावर किंवा जवळ शेक कधीही देऊ नका. उष्णतेने औषध झपाट्याने रक्तात उतरते आणि जिवावर बेतू शकते. दोन, इन्सुलिन टोचलेली जागा शेकली तर इन्सुलिन लवकर शोषले जाते आणि साखर एकदम उतरू शकते.

आता घरी गेल्यावर फ्रिजवर चिकटवण्यासारखी यादी सांगतो:

१. झोपताना पट्टा नको. आपोआप बंद होणारा असला तरी नको.
२. एका वेळी १५ ते २० मिनिटे, कपड्यावरून. बाजारात मिळणाऱ्या सौम्य, जास्त तास वापरायच्या उबदार पॅचवरही ५५ वर्षांवरील व्यक्तींनी तो कपड्यावरून वापरावा असे लिहिलेले असते, ते वाचा.
३. ताजी दुखापत, सूज, लालसर तापलेला सांधा, जखम, बधिर जागा, कॅन्सरची जागा यांवर शेक नको. गरोदरपणात पोटावर नको. पेसमेकर असल्यास, विशेषतः चुंबक लावलेला पट्टा, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.
४. कारण माहीत नसलेल्या पोटदुखीवर शेक देत बसू नका. आणि छातीत दुखते आहे, ‘गॅस असेल’ म्हणून पट्टा बांधू नका. सरळ ९९९ ला फोन करा.
५. पाठदुखीबरोबर लघवीचा ताबा गेला, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला, पाय लुळे पडू लागले तर त्याच दिवशी हॉस्पिटल. ताप, कारण नसताना घटलेले वजन, पडल्यानंतरचे दुखणे, यासाठी जीपी.
६. रबरी पिशवी वापरत असाल तर उकळते पाणी नको, दोन तृतीयांशच भरा, हवा काढून टाका, कव्हर घाला. पिशवीवर फुलासारखे एक चिन्ह असते, त्याच्या मध्यभागी ती कोणत्या वर्षी बनली ते असते. दोन-तीन वर्षांपेक्षा जुनी पिशवी टाकून द्या. “अजून चांगली आहे की” म्हणू नका!
७. भारतात आई-बाबांसाठी पट्टा नेणार असाल तर व्होल्टेज पाहा. अमेरिकेतून फक्त ११० ते १२० व्होल्टचा नेला तर भारतातल्या २३० व्होल्टवर तो जळेल. सुटी बॅटरी किंवा पॉवर बँक चेक-इन सामानात नाही, हातातल्या बॅगेत.

आणि आपल्या निधीचे काय?

आता मूळ मुद्द्यावर येतो. आम्ही आश्रमाच्या व्यवस्थापिका बाईंना फोन केला. पट्ट्यांची कल्पना सांगितली, दावे सांगितले. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, “रात्री पट्टा सोडायला कोण येणार?”

आमच्या दोन्ही डॉक्टरांजवळ याचे उत्तर नव्हते. रात्रपाळीला तिथे दोन मदतनीस असतात. राहणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना मधुमेह आहे. काहींना विस्मरण आहे. पट्टा बांधला आहे हेच त्यांच्या लक्षात राहणार नाही. म्हातारपणी त्वचा कागदासारखी पातळ होते. शिवाय बोलता बोलता बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी आमच्या कोणत्याही यादीत नव्हती. “इथे आजी शेक मागतात ना, तेव्हा पुष्कळदा त्यांना कोणीतरी जवळ बसायला हवे असते. पिशवी धरून मी दहा मिनिटे बसते, पाठीवरून हात फिरवते, तेवढ्याने त्यांना झोप लागते.”

मंडळी, शेक देणारा हात हाही शेकाचाच भाग असतो. आपण इथे आहोत आणि आपल्यापैकी अनेकांचे आई-वडील तिथे आहेत. दुरून आपण वस्तू पाठवतो, कारण वस्तू पाठवता येते. कुरिअरने हात पाठवता येत नाही! पट्टे पाठवू पाहणाऱ्या आपल्या देणगीदारांच्या मनातही तीच माया होती, आणि त्याबद्दल आम्हाला आदरच आहे. आमचे म्हणणे सांगितल्यावर त्यांनी ते लगेच मान्य केले आणि आपली देणगी पुढील योजनेसाठी तशीच ठेवली. त्यांचे जाहीर आभार.

तर समितीने केलेली आणि कार्यकारिणीने मंजूर केलेली योजना अशी. पहिले, आठवड्यातून दोन दिवस फिजिओथेरपिस्ट आश्रमात येतील. त्या शेकही देतील आणि व्यायामही करून घेतील. शेकाला व्यायामाची जोड हवी हे आपण मघाशी ऐकलेच. दुसरे, संध्याकाळच्या वेळी आणखी एका मदतनीस बाईंचा पगार. शेकायला, पाय चेपायला, गप्पा मारायला. याला आमच्या हिशोबाच्या वहीत वेगळे नाव नाही, आम्ही ‘सोबत’ असेच लिहिले आहे. तिसरे, न्हाणीघरात आणि जिन्याला धरायला कठडे, म्हणजे पडून कंबर मोडणे टळेल. चौथे, कव्हर असलेल्या चांगल्या रबरी पिशव्या आणि पाण्याचे तापमान पाहायला थर्मामीटर. यात सर्वात स्वस्त बाब चौथी आहे. सर्वात महाग आहेत ती माणसे, आणि ती दर महिन्याला लागणार.

म्हणून आमची विनंती अशी की आज एकदाच मोठी रक्कम देऊन मोकळे होण्याऐवजी, जमेल त्यांनी दरमहा छोटी रक्कम द्यावी. फॉर्म या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर आहे. जे इथे कर भरतात त्यांनी ‘गिफ्ट एड’च्या चौकटीत खूण करायला विसरू नये, आपल्या प्रत्येक पाउंडामागे सरकार २५ पेन्स घालते, आणि सरकारकडून काही घ्यायची संधी आपण सोडत नाही, हो ना?

स्टॉलचे काय झाले, असे बाहेर दोघा-तिघांनी विचारले. स्टॉल दिलेला नाही. विक्रेत्यांशी आमचे वैर नाही. पण मंडळाच्या बॅनरखाली एखादी वस्तू विकली गेली की ती मंडळाने पारखलेली आहे असे लोक धरून चालतात. त्यातून आलेला पैसा धर्मादायाला गेला तरी, भाजलेल्या पायाची जबाबदारी कोणाची? त्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते, म्हणून आम्ही नाही म्हणालो.

ज्यांच्या घरी पट्टा आहे त्यांनी तो फेकून देऊ नये. वर सांगितलेली पथ्ये पाळून खुशाल वापरावा. ऊब मिळते, बरे वाटते, हे खरेच आहे. फक्त तो बांधून सोफ्यावर बसून राहू नका. वीस मिनिटांनी काढा आणि कोपऱ्यापर्यंत चक्कर मारून या. आणि ज्यांचे आई-बाबा भारतात आहेत त्यांनी या आठवड्यात फोनवर एवढे विचारावे: “शेकायला काय वापरता? रात्री तसेच झोपत नाही ना?” उत्तर ऐकून कदाचित तुम्हाला तिकीट काढावेसे वाटेल. तसे झाले तर फारच उत्तम.

वीस मिनिटे झाली, आणि स्वयंपाकघरातून डोळे वटारले जात आहेत.  जेवून जा, फॉर्म भरून जा, आणि थंडी फार आहे, कान झाकून जा.

आपली नम्र,
आरोग्य समिती